ताठ कोपर

केळापूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

सविनय जयभीम.

तब्येत बरी असेल. तूर घरी आली, हे आईकडून कळलं. दिवाळीनंतर तुम्ही यवतमाळला डोळे तपासायला गेला होतात, असंही ती फोनवर म्हणाली. काय म्हणाले डॉक्टर? नंबर वाढला का? त्याबद्दल पुढे विचारणारच आहे.

आधी बातमी. आपली मालिका बंद होत नाही! वाहिनीने आणखी एक वर्ष दिलं. 'आपली' म्हणते, कारण पडद्यावर सगळ्यात आधी आईचं नाव येतं, 'प्रभावती निर्मिती'. मुख्य भूमिका, दिग्दर्शन आणि निर्मिती तुमच्या मैत्रेयीची. आणि नायिका पहिल्या भागापासून वऱ्हाडीच बोलते.

मी त्या विनोदी मालिकेत कासाबाई केली तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बंगल्यातली वऱ्हाडी मोलकरीण. तिने "काहून?" म्हटलं की मागून हसण्याचा आवाज वाजायचा. तुम्ही म्हणालात, "आपल्या बोलीवर जगाले हसवून राह्यली तू. तुझा खेळ मी कधी पाहनार नाई." बाबा, तुमचा राग खरा होता. तुमचा निकाल मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. कासाबाईने मला पोसलं. कॅमेरा कुठे ठेवला की माणूस लहान दिसतो आणि कुठे ठेवला की मोठा, हे मी तिच्याच पदराआडून शिकले. दोन दृश्यांच्या मध्ये बाकीचे चहा प्यायचे, मी कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहायचे. मग एकेक भाग दिग्दर्शित करू लागले. आणि या मालिकेची निर्माती झाले त्या दिवशी पहिली गोष्ट काय केली असेल, तर तो हसण्याचा आवाज बंद केला. कायमचा.

आता पन्नासाव्या भागाची हकिगत. आमचं काम कसं चालतं हे तुम्हाला माहीत नाही, असं धरून सांगते.

चित्रीकरण दिवाळीनंतरचं. ग्रामसभेचं दृश्य होतं. नायिका म्हणते, गावठाणाच्या जागेवर वाचनालय बांधा. माजी सरपंचाला तिथे गोदाम हवंय. ती भाषण करते, मतदान होतं आणि ती हरते. वाहिनीने कथा तशीच मंजूर केली होती. तिच्या हरण्यावर पुढचे कित्येक महिने रडायचं होतं. गर्दीसाठी इथल्याच पंचक्रोशीतली माणसं बोलावली. सगळ्यांना बजावून सांगितलं की वाचनालयासाठी कोण, असं विचारल्यावर हात खाली ठेवायचे.

भाषण मी एका दमात केलं. हातात कागद नाही, मागून कुणी आठवण करून देणारं नाही. बोरी अरबच्या विहारासमोर, जयंतीच्या दिवशी, तुम्ही शिकवलं तसं. आणि विचारलं, "वाचनालयासाठी कोन हाय?"

सगळ्यांचे हात वर!

माझा सहायक कपिल पुण्याचा. तो धावत गेला. "अहो, हात खाली! तुम्हाला सांगितलं होतं ना?"

पुढच्या रांगेतल्या विमलताई म्हणाल्या, "सांगतलं होतं वो. पन बाई बोललीच तशी. आता हात खाली कसा ठिवू?"

"मावशी, हे खोटं आहे. मालिका आहे!"

"मंग खोटं खोटं तरी जितू दे ना तिले!"

शेजारचे नागोराव म्हणाले, "त्या गोदामवाल्याले भाषन कराले सांग. पटलं तं देतो त्याले मत."

पुन्हा चित्रित केलं. पुन्हा हात वर. कपिल म्हणाला, "ताई, उद्या दुसरी माणसं आणू." मी विचार केला, यांना घालवून हात खाली ठेवणारी माणसं आणायची, तर मग माझ्यात आणि त्या माजी सरपंचात फरक काय?

मी म्हटलं, "ठराव मंजूर."

वाहिनीच्या सुरभीबाईंचा फोन आला. "नायिका आत्ताच जिंकली तर पुढे दाखवणार काय?" मी म्हटलं, "जिंकलेल्या बाईला काय काय सोसावं लागतं, ते." त्यांनी बजावलं की हा भाग पडला तर मालिका बंद. माझी पहिली निर्मिती होती, बाबा. तरी तो भाग तसाच दाखवला. पडला नाही. आई सांगते, दारव्ह्यात लोकांनी दुकानातला टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता.

आता जे लिहायला बसले होते, ते.

संकलनाच्या वेळी मी शोधत होते, पहिला हात कुणाचा वर गेला. कारण गर्दीत कुणीतरी पहिलं असतंच. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, एक माणूस होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. बाकीच्यांचे हात अर्धे, कोपरात वाकलेले. त्याचा हात काठीसारखा सरळ. दोन्ही वेळा पहिला हात त्याचाच.

लहानपणी तुमच्याच वर्गात मी हात वर केला की तुम्ही माझं कोपर धरून सरळ करायचात. "कोपर वाकवून हात वर केला तं थे मत नसते पोरी, भीक असते."

तर बाबा, यवतमाळच्या त्या डॉक्टरांना सांगा, तुमचे डोळे उत्तम आहेत. आणि माझेही.

माझा खेळ पाहणार नाही म्हणाला होतात. पाहिलाच नाहीत. त्यात मत देऊन गेलात आणि माझी सगळी कथा उलटवलीत! घरी आईलाही सांगितलं नाहीत. मीही तिला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी पुढची ग्रामसभा आहे. वाचनालयाचं काम गोदामवाल्याने अडवलंय. आमच्या धंद्यात एक नियम असतो. एकदा दिसलेला माणूस पुढच्या सभेलाही आपल्या जागेवर दिसावा लागतो. खांबाजवळची जागा रिकामी राहिली तर प्रेक्षक विचारतील. तेव्हा गुरुवारीच या. कपिल बोरी अरबला गाडी घेऊन येईल. आईलाही आणा.

दुपट्टा घरी ठेवा. नियमाप्रमाणे तो हवा, पण तेवढा नियम मी मोडते. दिग्दर्शक मी आहे.

त्या माणसाला या वेळी उभं राहून बोलायचं आहे. संवाद लिहिलेला नाही. तुम्हाला कागद कधी लागला?

खांबाजवळची जागा राखून ठेवणारी,
तुमची
मैत्रेयी