आम्हा दोघा उदेमेंना मिळालेली मंजुरी

प्रिय अनिएकान दादा,

धाकट्या उदेमेचा गुडघे टेकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींनी पाठवलेला सुका मासा पोचला (अर्धा मी तसाच खाल्ला, तुझ्या भावजयीला, मायेनला, कळवू नकोस). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मी मंत्री झालोय की नाही, एवढंच काय ते कळत नाहीये.

गव्हर्नरसाहेबांनी मंत्रिपदासाठी विधानसभेकडे पाठवलेली नावं रेडिओवर वाचली, त्यात 'डॉक्टर उदेमे अक्पासुंग' आलं, तेव्हा मी आपल्या जनावरांच्या दवाखान्यात एका कोंबडीच्या चोचीत औषध घालत होतो. मला कुणी सुचवलं, देव जाणे. मायेन म्हणाली, "गव्हर्नरसाहेबांच्या आईच्या टर्की कुणी वाचवल्या? तुम्हीच ना? मग!" तिनं लगेच शपथविधीच्या झग्यासाठी कापड आणलं, तिकडे तुम्ही बकरं कापलंत, आणि मी अभ्यासाला बसलो. कुठलं खातं मिळणार ते मंजुरीआधी सांगतच नाहीत (मुलीच्या घरचे नवऱ्या मुलाला काय काय विचारतात, आणि इथे मुलगी कोण तेच माहीत नाही!), म्हणून रस्ते, गटारं, शाळा, डास, सगळं पाठ केलं.

सभागृहात माझं नाव पुकारलं. मी उठलो. शेजारच्या बाकावरून आणखी एक गृहस्थ उठले. सडपातळ, पिकलेले केस, कडक इस्त्रीचा सूट. मी म्हटलं, "काका, बसा, मला बोलावलंय." ते म्हणाले, "तुम्ही बसा, मला बोलावलंय." तेही डॉक्टर उदेमे अक्पासुंग निघाले, इतिहासाचे, निवृत्त प्राध्यापक. सभापतींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी आम्ही त्यांना दोनच दिसलो. गव्हर्नरना विचारावं, तर ते विमानात. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या, भुकेनं वैतागलेल्या एका आमदारानं आरोळी ठोकली, "दोघंही सज्जन दिसतात! वाकून नमस्कार करा आणि जा!" (मानाच्या माणसाला प्रश्न न विचारता असंच सोडतात.) आम्ही दोघंही वाकलो. माइक एकच, डोकी आपटली. सगळे "मंजूर! मंजूर!" ओरडले, हातोडा पडला. डासांबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. सचिवांना गाठून म्हटलं, "साहेब, नक्की कोण मंजूर झालं?" ते म्हणाले, "नाव मंजूर झालं. माणसाचं आमच्याकडे नसतं."

खरा मीच, असं त्यांना ठणकावायला मी उपाहारगृहात गेलो. ते अफांगच्या पाल्याचा रस्सा आणि कसाव्याची गारी पुढ्यात घेऊन बसले होते, आणि मला बघून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "बायको गेल्यापासून मला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. लेक मुद्दाम सूटला इस्त्री करायला आली." मी गारीचा एक गोळा मोडून घेतला. मग त्यांनीच हळूच विचारलं, "टर्की तुम्ही वाचवल्यात म्हणे? मग तुम्हीच असाल." दादा, मी "नाही हो" म्हणालो. का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही. मायेनला तर मुळीच कळलेलं नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा गोंधळलेला भाऊ,
उदेमे

ता. क. पत्राचं खरं कारण असं की, शुक्रवारी शपथविधी आहे आणि आमच्या नावाची खुर्ची एकच आहे. तुझा देह भरभक्कम आहे. पहाटे येऊन तीत बस, आणि मी येईपर्यंत कुणालाही दाद देऊ नकोस. प्राध्यापकांबद्दल वाईट वाटतंच, पण कापड शिवून झालंय.

आणखी एक ता. क. येऊ नकोस! आत्ताच रेडिओवर सांगितलं, आमच्या नावाला मिळालंय 'विशेष कामकाज' हे नवंकोरं खातं. पहिलं काम म्हणजे खाडीतल्या मासेमारीवरून आपल्या आणि पलीकडच्या गावाचा तंटा मिटवणे. (आपल्या बाजूनं वल्हं घेऊन सर्वांत पुढे कोण असतं, ते मी तुला सांगायला नको.) प्राध्यापक पलीकडच्या गावचे निघाले. त्यांचा फोन आला, "अभिनंदन, डॉक्टर! टर्कीमुळेच हो!" मी म्हटलं, "छे छे, सूट तुमचा!" मंत्री तुम्हीच, यावरून अजून कुणी हटत नाहीये. गावात चौकशीला माणसं आली, तर सांग, आमच्या धाकट्याचं खरं नाव बार्थोलोम्यू.