डावखुऱ्याचा खांदा

पोर्ट हॅलोरन, ओहायो
रविवार, ६ ऑक्टोबर १९९६

प्रिय वांडा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत वॉल्टचा खोकला कमी झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे तलावावरून वारा सुटलाय. आजच मी खिडक्यांच्या फटींत जुने पेपर कोंबले. माझे गुडघे ठीक आहेत. माझं पोर रिचीही ठीक. बोटींच्या यार्डात त्याला मान वर करायला सवड नाही, हिवाळ्यासाठी बोटींवर प्लॅस्टिक चढवायचं काम जोरात आहे. संध्याकाळी घरी येतो तो हातांना तापलेल्या प्लॅस्टिकचा वास घेऊनच.

आता खरी बातमी. बेसबॉलमध्ये आपले गल्स यंदा शेवटून पहिले! चौऱ्याऐंशी सामन्यांत एकोणतीस विजय. बाबा असते तर त्यांनी रेडिओ अंगणात फेकला असता आणि रडत परत आत आणला असता.

शनिवारची आमची मंडळी बोलिंग ॲलीच्या काउंटरवर पुन्हा जमायला लागली. संघ गावाच्या मालकीचा, त्यामुळे एकेक शेअर बाळगणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की खरा मॅनेजर आपणच. त्यात लीगने नवा नियम काढलाय: पुढच्या वर्षी जुने, अनुभवी खेळाडू चारच ठेवायचे, बाकी सगळी नवी पोरं. आपल्याकडे जुने आहेत पाच. म्हणजे एकाला निरोप द्यायचा. कुणाला, यावर काल तीन तास भांडण.

"टिलरीला काढा," व्हर्न म्हणाला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याच्या तोंडाला कुलूपच नाही. "वर्षाला बारा होमरन मारतो, बाकीचा वेळ बॅटने हवेला वारा घालतो."

"बारा नाही, चौदा," लुसिल म्हणाली. ती अजूनही प्रत्येक सामना वहीत उतरवते. "आणि कॅचर मंकचं काय? दुसऱ्या बेसकडे फेकलेला त्याचा चेंडू पोचेपर्यंत धावणारा तिथे घर बांधून राहिलेला असतो."

"मंकला हात लावाल तर खबरदार!" व्हर्न म्हणाला. "पिचर पोरांना सांभाळतो कोण?"

"आधी त्याला कुणीतरी सांभाळा म्हणावं."

असं चाललं होतं. तुझ्या काझच्या नावावर वाद झालाच नाही. तो राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. व्हर्नने विचारलं, "टेस, आमचा डावखुरा काय म्हणतो?" मी म्हटलं, मजेत आहे.

त्याच्या खांद्याचं तू जे लिहिलंस ते माझ्यापाशीच आहे. क्लीव्हलंडला जाऊन दुखणं मारायच्या सुया घेतो हे क्लबला कळलं तर त्याचा करार होणार नाही, एवढं मला समजतं. तुझं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय.

बेकरीच्या काचेत त्याचा फोटो अजून आहे. पाव आणायला गेले की काउंटरवरची पोरगी विचारते, "काझची मावशी ना तुम्ही?" हो म्हणते. ती एक बन जास्तीचा टाकते. चांगलं आहे.

कशावरून कोण जाणे, परवा मला तो स्काउट आठवला, मोठ्या क्लबांसाठी पोरं हेरणारा. त्र्याऐंशी सालचा. रिचीला बघायला आला होता, वाटेत टायर पंक्चर झालं. रिचीने सात इनिंग टाकल्या, समोरच्यांना एकही हिट मिळाली नाही. आठव्या इनिंगला कोचने त्याला बसवून काझला उभं केलं आणि तेव्हा तो माणूस येऊन बाकावर टेकला. तेरा वर्षं झाली. आता त्याचं काय.

वॉल्टला सांभाळ.

टेस


रविवार, १ डिसेंबर १९९६

प्रिय वांडा,

फोनवर तू रडत होतीस आणि मला धड दोन शब्दसुद्धा बोलता आले नाहीत, म्हणून हे लिहिते. थँक्सगिव्हिंगला काझ आमच्याकडेच जेवला. फार खाल्लं नाही. रिचीने त्याला गॅरेजमध्ये नेलं, दोघं बराच वेळ तिथेच होते.

क्लबच्या सभेचं तुला सगळं कळायला हवं. पोलिश हॉलमध्ये तीनशे माणसं होती, भिंतीला टेकून उभी. क्लबचे अध्यक्ष प्रुइट उठले, चष्मा पुसला आणि ठेवायच्या चौघांची नावं वाचली. टिलरी होता. मंक होता. काझ नव्हता. एकच गलका उठला. मागून कुणी ओरडलं, "डोकं ठिकाणावर आहे का?" प्रुइट म्हणाले, "त्याच्या खांद्याबद्दल आमच्या कानावर आलं. त्याला बोलावून विचारलं. तो खोटं बोलला नाही." हे काझने तुला सांगितलंच असेल.

व्हर्नने तर टेबलावर मूठ आपटली. "दुखऱ्या खांद्याने त्याने आमच्यासाठी वर्षभर चेंडू टाकले आणि तुम्ही त्यालाच हाकलता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

संघ नव्याने उभा करायचा म्हणजे असे निर्णय घ्यावे लागतात असं पेपरात आलंय. पिचिंगला तीन नवी पोरं घेतलीत, एकाला तर अजून मिसरूडही फुटलेलं नाही.

तू विचारतेस, क्लबला सांगितलं कुणी? मला काय माहीत? छोटं गाव आहे. क्लीव्हलंड काही चंद्रावर नाही, कुणीही त्याला दवाखान्यात पाहिलं असेल. व्हर्नचा पुतण्या तिथल्या एका इस्पितळात कामाला आहे. मी कुणाला नाव ठेवत नाही, नुसतं सांगते. आणि व्हर्नची जीभ कशी आहे हे तुला माहीतच आहे.

काझ तिशीचा आहे. आज ना उद्या हे होणारच होतं. पोरांना कधीतरी दुसरं काम शोधावंच लागतं. रिचीने नाही शोधलं?

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, पण पेनाने लिहिलंय आणि कागद हा एकच आहे.

टेस


रविवार, १९ जानेवारी १९९७

वांडा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. वॉल्ट झोपला असेल तेव्हा बसून वाच.

व्हर्नबद्दल तू लुसिलला लिहिलंस, ते गावभर झालं. दोन शनिवार तो ॲलीवर आला, त्याच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मंडळी नव्या पिचरांवर बोलत होती, पण त्याने तोंड उघडलं की सगळे कपात बघायचे. तिसऱ्या शनिवारी तो आला नाही.

मंगळवारी दार वाजलं. व्हर्न फावडं घेऊन उभा. माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ त्याने काढून टाकला होता. मी त्याला आत घेतलं, सूप गरम केलं. त्याने चमचा उचललाच नाही.

"टेस, मी नाही बोललो."

मी म्हटलं, "बरं."

"कोण बोललं ते मला माहीत आहे. चर्चमधल्या माशांच्या जेवणाला रांगेत मी तुझ्या मागेच होतो."

एवढंच. मग टोपी घालून गेला. त्याने कुणाला काही सांगितलेलं नाही, वांडा. पाच आठवडे गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि हा माणूस गप्प राहिला.

तर ऐक. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारची गोष्ट. मी ताट घेऊन उभी, पुढे प्रुइट. रिची दोन हातांत चार चार खुर्च्या घेऊन चालला होता. प्रुइट हसत म्हणाले, "काळजी करू नका हं बाई, काझला आम्ही सोडणार नाही. तुमच्या घरात एक तरी नाव काढणारा निघाला." रिचीने ते ऐकलं. तोही हसला, खुर्च्या ठेवून पुढच्या आणायला गेला.

आणि मी म्हटलं, "नाव काढील नाहीतर काय! सुया टोचून घेतो खांद्यात, क्लीव्हलंडला जाऊन. विचारा त्याला."

रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य माझ्यापाशी होतं. पीठ मळताना मी ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं होतं, कसं वाटतं ते. आधी माशांवर लिंबू पिळलं, मग बोलले.

त्यानंतर दोन दिवस मला बरं वाटत होतं. हेसुद्धा तुला कळू दे. बेकरीत गेले, काचेतला फोटो पाहिला आणि मनात म्हटलं, आता बघू किती दिवस लागून राहतोस. सभेत नाव आलं नाही तेव्हा तीनशे माणसांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या, व्हर्नच्या बोलण्यावर, आणि आतल्या आत मला मजा वाटत होती. मग काझ हॉलच्या दारात दिसला. कोपऱ्यात उभं राहून त्याने सगळं ऐकलं होतं. मला बघून तो म्हणाला, "मावशी, चल, तुला घरी सोडतो." मला त्याने घरी सोडलं, वांडा. निसरड्या वाटेवर माझा हात धरून. डाव्या हाताने.

मी काझवर जळत होते असं तुला वाटेल. त्याच्यावर नाही गं. तुझ्यावर. त्या दिवशी काझचं नाव लिहायला स्काउटने वही उघडली तेव्हा तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "टेस, आपल्या घरात नशीब आलं बघ!" आपल्या. तुझ्या खांद्यावरून मला रिची दिसत होता, बाकावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. तू एकदाही तिकडे वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं, पाहील, आता पाहील. तेरा वर्षं मी वाट बघत होते. तू काझचे आकडे पत्रांतून पाठवायचीस, मी "वा, छान" लिहायचे.

व्हर्न गेल्यावर मी रिचीला सांगितलं. तो मोजे काढत होता. दुसरा मोजा पायातच राहिला.

"आई, कुणासाठी केलंस हे?"

"तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी?"

"माझं नाव यात घालू नकोस," तो म्हणाला. "त्या माणसाचं टायर पंक्चर झालं तेव्हा मी सुटलो होतो. मला खेळायचं नव्हतं. सामन्याच्या सकाळी उलट्या व्हायच्या मला, आठवतं? तू म्हणायचीस, पोट बिघडलं. तुला सांगायची छाती नव्हती."

मग त्याने सांगितलं की खांद्याचं त्याला तुझ्या-माझ्या आधीपासून माहीत होतं. काझ त्यालाच सांगायचा. क्लीव्हलंडला गाडी रिचीच चालवत न्यायचा. दोघांमध्ये कधी काही नव्हतंच, वांडा. जे होतं ते आपल्या दोघींत, आणि त्यातलंही बहुतेक एकट्या माझ्यात.

काल शनिवारी मी ॲलीवर गेले. लुसिल आणि बाकीचे नव्या कॅचरवरून भांडत होते. मी कोट न काढता उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लुसिलने वही मिटली. एकजण म्हणाला, "बाई, तुमचाच भाचा ना तो?" मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार? तिथून सरळ व्हर्नच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "आत ये, गारठा आहे." मी गेले नाही.

काझला आज सकाळी सांगितलं. तो आता रिचीबरोबर यार्डात काम करतो. बोटींचे तळ घासतात दोघं, काझ उजव्या हाताने. खांदा वरपर्यंत उचलत नाही. कुठल्याही संघाचा फोन आलेला नाही, येईल असं त्यालाही वाटत नाही. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मावशी, तू मला 'क्लबला सांगून टाक' म्हणाली असतीस तर मीच सांगितलं असतं. एवढं लपवायचं मलाही जड झालं होतं." मला वाटलं, सुटले. तर दारातून वळून म्हणाला, "आता काही दिवस मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही." आवाज चढवला नाही. दार हळू लावलं.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. तसं लिहिलं की उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं, आणि ओझी मी तुझ्यावर पुरेशी टाकलीत. एकच मागते. हे पत्र जाळू नकोस. मी म्हातारी होईन, माझी आठवण पुसट होईल, मग मी म्हणायला लागेन की प्रुइटनेच खोदून विचारलं, की चुकून बोलले, की व्हर्नच्या पुतण्याने सांगितलं. तेव्हा हे मला मोठ्याने वाचून दाखव. रिची दाखवणार नाही, तो भिडस्त आहे. तू दाखव.

तुझी (हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, माझ्याने खोडवला नाही)
टेस