ताउनोंच्या सायलेन्सरचे आटे

मी, एल्मी केंप्पाइनेन, वय एक्क्याऐंशी, मॅट्रिक पास, कै. ताउनो यांची पत्नी, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहिते. डोके शाबूत आहे.

घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि सतरंज्यांचा माग माझी मुलगी लेम्पी हिला द्यावा. मागाची दोरी अजून चांगली आहे, उगाच नवी आणू नये.

ताउनोंची रायफल, नळीच्या टोकाला आट्यांनी बसणाऱ्या सायलेन्सरसकट, माझे धाकटे दीर ओइवा यांना. सायलेन्सर साफ करावा की नाही, यावर शिकारी मंडळी अजून भांडतात. भावजी म्हणायचे, "वहिनी, ती काय कॉफीची किटली आहे, रोज घासायला?" तेवढ्यापुरते त्यांचे खरे. मोठ्या रायफलीचा आतून क्वचितच घासावा लागतो. छोट्या बंदुकीचा मात्र शिशाने भरतो. पण शिकारीनंतर तो काढून उबेला सुकवावा, आटे पुसावेत, लावताना गच्च आवळावा. तीस वर्षे हे काम माझे होते. ताउनो त्यावर पुन्हा हात फिरवून बघत नसत.

अकरा वर्षांपूर्वी, अस्वलाच्या शिकारीच्या आदल्या दिवशी, भावजींनी निशाणा जुळवायला रायफल नेली आणि परत आणून दिली. मी सायलेन्सर सुकवला. परत लावताना प्रार्थनेची मंडळी आली. दोनच आटे फिरवून मी कॉफी ठेवायला उठले आणि विसरले.

सकाळी ताउनोंची गोळी सायलेन्सरला आतून घासून तिरकी गेली. अस्वलाचा जबडा फुटला, ते मेले नाही. त्याने ताउनोंची टाळू मानेपर्यंत सोलली, पोट फाडले. भावजींनी त्याच्या कानाला नळी लावून गोळी घातली, तोवर सगळे संपले होते. शव मी धुतले. एक डोळा सापडलाच नाही.

लोक म्हणाले, रायफल ओइवाने नेली होती, त्यानेच सैल ठेवला. मी गप्प बसले. आमच्या मंडळीत मागितलेली क्षमा कोणी नाकारत नाही. आठवड्याने भावजी दारात आले.

"वहिनी, माझ्याच हातून राहिलं असेल. क्षमा केली म्हणा."

मी सरपणाचा ओंडका त्यांच्या तोंडावर हाणला. दोन दात पायरीवर पडले.

"अजून एक हाणा," रक्त गिळत ते म्हणाले, "पण म्हणा!"

मी दार लावून घेतले. त्यानंतर त्यांनी बंदूक हातात धरली नाही.

हे माझ्या मरणानंतर वाचावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. मेलेल्या बाईच्या तोंडावर कोणाला 'नाही' म्हणता येत नाही. येत्या रविवारी प्रार्थनाघरात, भावजींसमोर, मी हे स्वतः उभी राहून वाचीन आणि क्षमा मागीन. ते नाही म्हणाले, तरी रायफल त्यांचीच.

दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही केली.

एल्मी केंप्पाइनेन
साक्षीदार: आर्मास कार्प्पिनेन, सानेल्मा हेइक्किनेन
कुहमो, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९