बाबांची वीतभर जीप

नवेगाव बांध,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप कैलाशदादांच्या चरणी धाकट्या भोजराजचा नमस्कार. (चरण नागपुरात असल्यामुळे नमस्कार पोस्टाने.)

तुमचा गुडघा कसा आहे? हर्षावहिनींची शुगर ताब्यात आहे ना? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण माझा फोन वाजला की तुम्ही नेमके मीटिंगमध्ये असता. रविवारीही असता. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून हा कागद. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहून टाकतो.

मजेत म्हणजे असं. बाबा (तुमचेही तेच) लकवा मारल्यापासून ओसरीतल्या खाटेवर असतात. उजवा हात गेला, बोलणं अर्धं राहिलं, पण दिवस कलला की रस्त्याकडे पाहून विचारतात, "माही गाडी कुठी हाय?" आणि मग ताटाला हात लावत नाहीत. केशोरी ते नवेगाव उभा जन्म सवाऱ्या वाहिलेली ती जीप तुम्ही गेल्या दिवाळीत त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतः चालवत नेली. "सर्व्हिसिंग करून आणतो बाबा," असं म्हणालात आणि थेट भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी केलीत. दारात नुसती गंजून राहिली होती, हे तुमचं म्हणणं मलाही पटलं होतं. पण मग बाबांना तसंच सांगायचं होतं ना! खोटं बोलून तुम्ही नागपूरला गेलात आणि ते निभावून राहिलो मी. "गॅरेजात आहे बाबा, पार्ट यायचा आहे." आता वर्ष होत आलं. वर्षभर पार्ट येत नाही अशी गाडी नसते, हे त्या माणसाला कळत नसेल का हो?

म्हणून म्हटलं, आणता येत नाही तर बनवावी. ऑनलाइन डबा मागवला, प्लास्टिकची जीप, सुटे भाग आपण जोडायचे. उघडून पाहतो तर फौजी जीप! भाग सगळे एका चौकटीला चिकटलेले. एकेक कापायचा, कानशीने घासायचा, चिमट्यात धरून चिकटवायचा. सोबत मशीनगनही होती. केशोरीच्या सवाऱ्यांवर मशीनगन रोखायची पाळी बाबांवर (बाजाराचा दिवस सोडला तर) कधी आली नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. शिवाय बाबांची जीप लांब, ही आखूड. मधोमध कापून जोड दिली, सांध्यात पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. मागची शिडी केली, वर कॅरियर, कॅरियरवर धानाची बोटभर पोती. ताडपत्री मंदाच्या परकराची आहे. (तिने अजून ओळखलेली नाही. तुम्हीही बोलू नका.) मंदा म्हणते, तिच्या बापाने तिला दुकानदाराला दिली होती, पोराला नाही. स्टेशनरीच्या दुकानात गिऱ्हाईक वही मागत उभं आणि मी काडीएवढा आरसा डोळ्याशी धरून बसलेला, तेव्हा तिचंही चुकत नाही. शेजारच्या किराणा दुकानाचे दुर्गाप्रसाद रोज येऊन विचारत, "भोजराजभाऊ, चलती है क्या?" नाही चालत म्हटलं की त्यांच्या तोंडावर जी दया यायची, तेवढी बाबांना पाहूनही येत नाही.

आणि दादा, गाडी नवी करणं सोपं आहे, जुनी करताना जीव जातो. चांगला हिरवा रंग दिला आणि मग तो नासवायला बसलो. विटेची भुकटी चहाच्या पाण्यात कालवून गंज केला. केशोरी रोडची धूळ पिशवीत भरून आणली, मायच्या पिठाच्या चाळणीतून चाळली (घरात बोंब सुरू झाली ती इथून) आणि ब्रशने चाकांवर बसवली. डावा मडगार्ड सुरी तापवून चेपला, कारण बकरी वाचवताना बाबांनी तो पुलाच्या कठड्यावर चेपून घेतला होता आणि मरेपर्यंत, म्हणजे जीप मरेपर्यंत, सरळ करू दिला नव्हता. अख्खा पावसाळा यात गेला. बाबांनी पाहिल्याबरोबर ओळखलं पाहिजे, एवढीच धडपड. फक्त एक काम राहिलं होतं, वरून मॅट वार्निशचा हात. तो दिला की धूळ पक्की बसते, नाही तर पाण्याचा थेंब लागला की निघून जाते. ते वार्निश गोंदियात मिळालं नाही. तोवर म्हणून गाडी बाबांच्या नजरेआड, माजघरातल्या फळीवर ठेवली आणि काल दसऱ्याच्या सकाळी दुकान उघडायला गेलो.

आता आपल्या मायची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. दसऱ्याला घरातलं एक चाक मळकं राहता कामा नये. तिने माझी मोटारसायकल धुतली, चाकं नसलेला फवारणीचा पंप धुतला, आणि मग तिची नजर फळीवर गेली. कपड्याचा साबण, जुना टूथब्रश आणि आपल्या मायचा, म्हणजे साक्षात धुरपताबाईंचा हात! मी परत आलो तेव्हा जीप शोरूममधून काढल्यासारखी तुळशीजवळ उभी. गंज गेला, धूळ गेली, कागदाची नंबरप्लेट मोरीत वाहून गेली. बोनेटवर हळदकुंकू, सीटवर सोन्याचं पान, झेंडूचं एकच फूल (हार बसेना म्हणून). वरून चाकाखाली लिंबू! खऱ्या गाडीखाली लिंबू फुटते. इथे लिंबूच चाकाहून मोठं, म्हणून मायने वरून तळहात दाबला. लिंबू शाबूत राहिलं, रात्री वरणात पिळलं. समोरचा अ‍ॅक्सल मोडला.

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. म्हटलं, माय, तो मळ मी बनवला होता! तर म्हणते, "मळ का कोनी बनवते का बाप्पा! दसऱ्याले मळकी गाडी ठेवून राहिला, लोकं काय म्हनतीन?" मी तोंडाला येईल ते बोललो. माय रडली नाही, उलट मलाच म्हणाली, "एवढा कायले बोंबलतं?" मंदा आत जाऊन हसत बसली. एकूण सण चांगला झाला.

तरी लहान भावाची एक विनंती. नागपुरात मॅट वार्निश मिळते. एक बाटली कुरिअरने पाठवा, मी पुन्हा गंज चढवायला बसतो. स्वतः येण्याची तसदी घेऊ नये. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
भोजराज

ता. क. वार्निश पाठवू नका. वर एक गोष्ट लिहिली नाही, कारण लिहावीशी वाटत नव्हती. मी बोंबलत असतानाच माय ती मोडकी, धुतलेली गाडी घेऊन बाबांच्या खाटेजवळ गेली आणि म्हणाली, "पाहा जी, तुमची गाडी आली सर्व्हिसिंग होऊन." बाबांनी डाव्या हातात घेतली. चेपलेल्या मडगार्डवर अंगठा फिरवला. हसले दादा, अर्ध्या तोंडाने, पण हसले. गाडी धुतलेली होती म्हणूनच त्यांना पटलं. माझा गंज असता तर म्हणाले असते, गेली तशीच आली. मायला हे आधीच कळलं होतं का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. तर बाबांनी जीप पोटाशी धरली, रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी आली. मंग कैलाश कुठी हाय?" रात्रीचं ताट तसंच परत गेलं. वर्षभर मी गाढव समजत होतो की ते गाडी मागून राहिले आहेत.

आणखी एक. दिवाळीनंतर गावची मंडई आहे (भाजीची नव्हे, आपली जत्रेची; नागपुरात विसरला असाल), तोवर या. बसने या, रिकाम्या हाताने या, लंगडत या. डब्यात जीपसोबत एक फौजी ड्रायव्हरही आला होता, बोटाएवढा, बसलेला. त्याचं हेल्मेट कानशीने काढून टाकलं, तुमच्यासारखी मिशी रंगवली, आणि सध्या पोटाला पुट्टी लावून राहिलो आहे. (पुट्टी पुरत नाही.) बाबांची नजर आता कमी झाली आहे. तुम्ही आला नाहीत तर मंडईच्या दिवशी त्याला स्टिअरिंगवर चिकटवतो आणि "कैलाश आला" म्हणून सांगतो. मग बाबा जेवतील, आणि तुम्ही यायची काही गरज राहणार नाही.