तरटाच्या भिंती

५ जानेवारी १९६८

आज रुजू झालो. पिंपरीची ही कंपनी म्हणजे आमच्या बार्शीच्या कापसाच्या जिनिंगसारख्या चार जिनिंग बसतील एवढी. वेल्फेअर ऑफिसर अर्जुनराव यांनी स्वतः कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, चिंचवडला खोलीही बघून ठेवली होती. नळ अंगणात आहे, पण खिडकी मोठी. मुलांच्या मासिकासाठी मी ‘वाट शोधा’ची कोडी काढतो, असं मुलाखतीत सहज बोलून गेलो होतो, ते त्यांनी लक्षात ठेवलं. सव्वीस तारखेला कामगारांच्या कुटुंबांचं संमेलन आहे. त्यात मुलांसाठी भुलभुलैया उभारायचा आणि तो मी आखायचा. कागदावरच्या वाटांतून खरी मुलं धावणार, या विचारानेच झोप येईनाशी झालीय. घरी चित्राला लिहिलंय की मृदुलाला घेऊन ये. पाच वर्षांची आहे आमची पोर. माझ्या कोड्यातला ससा तिला हटकून चुकीच्याच वाटेने न्यायचा असतो.

८ जानेवारी

मागच्या बाजूची पडीक शेड मिळाली. मदतीला सुतार रंगराव आहेत, पुनावळ्याचे. कमी बोलतात, पण नकाशा एकदा पाहिला की पुन्हा विचारत नाहीत. बांबूचे सांगाडे, त्यांवर ताणून तरट. आत जायचं एक दार, बाहेर पडायचं दुसरं, मधे फसव्या गल्ल्या.

शेडला शिळ्या चरबीचा वास आहे. फरशी धुणाऱ्या गिरजाबाई म्हणाल्या की आधीच्या मालकाच्या वेळी इथे मेंढ्यांची आतडी साफ करायचे. ऑपरेशनच्या टाक्यांचा दोरा त्यापासून होतो. आतली घाण अंगठ्याने दाबत दाबत शेवटापर्यंत सरकवायची, मग पापुद्रा खरवडायचा. “हात कितीबी धुवा साहेब,” त्या म्हणाल्या, “भाकरीला वास यायचाच.”

डबा तसाच परत आणला.

१२ जानेवारी

काम पुरं झालं. पण तरट आतल्या अंगाने ओलं लागतं. पाणी नव्हे. बोट लावलं की शेंबडासारखी तार सुटते. रंगरावांनी फडक्याने पुसलं, गिरजाबाईंनी फिनेल मारलं. दुपारी पुन्हा तेच, आणि वर एक आंबूस वास, तान्ह्या मुलाने दूध ओकल्यावर येतो तसा.

आणखी एक गोष्ट. नकाशा माझा आहे. तरी आज मी मुद्दाम फसव्या गल्लीत शिरलो, तर ती संपलीच नाही. मऊ वळण घेत पुढे गेली आणि मी बाहेरच्या दाराशी आलो. रंगरावांनी दुसरी गल्ली धरली, तेही तिथेच आले. धोतराला हात पुसत म्हणाले, “साहेब, ह्याच्यात चुकताच येत न्हाई.”

१६ जानेवारी

आवारातलं पिवळं कुत्रं सकाळी आत गेलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेरच्या दाराशी एक गोळा पडला होता. लांबट, गुळगुळीत, कोमट. काठीने फोडला. दात, नखं आणि केस. पिवळे केस.

अर्जुनराव म्हणाले, कुणाची तरी टवाळी असेल, उचलून टाका. डायरेक्टरसाहेबांच्या पत्नी फीत कापणार आहेत, पत्रिका वाटून झाल्या आहेत. तुम्ही नवे आहात, नसतं काही बोलत सुटू नका.

मीच उचलला. साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं. बोटांचा वास जात नाही. घास तोंडाशी नेला आणि ताटात परत ठेवला.

२० जानेवारी

चित्राला तार केली, येऊ नका म्हणून.

रंगराव म्हणाले, मोडूनच टाकू. करवत घेऊन आत शिरले. तरट फाटल्याचा आवाज आला, पण तो कापडाचा नव्हता. ओला होता. मग त्यांची हाक. आधी समोरून, मग डावीकडून, मग खूप लांबून. मी आत हात घातला. भिंती आवळत होत्या, सैल होत होत्या, पुन्हा आवळत होत्या. हात ओढून काढला तो कोपरापर्यंत बुळबुळीत, कातडी पांढरी फटक पडलेली.

२१ जानेवारी

बाहेरच्या दाराशी करवतीचं पातं. शर्टाची बटणं. आणि — झाकून टाकलं.

रंगरावांच्या पत्नी, दुर्गाबाई, गेटवर विचारत आल्या. अर्जुनराव म्हणाले, पडला असेल कुठे पिऊन. “माझा मालक दारूला शिवत न्हाई,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी तोंड उघडलं. शब्दाऐवजी ओकारी आली, त्यांच्या पायांशीच.

२३ जानेवारी

शेडला कुलूप लावलं. अर्जुनरावांनी किल्ली काढून घेतली.

दाराच्या फटीतून पाहिलं. तरट फुगलंय. त्यावर निळसर शिरा. खाल्ल्यावर पोट सुटावं तसं —

अन्न गेलेलं नाही आज. पाणीही चिकट लागतं.

२५ जानेवारी

तार पोचलीच नाही. दोघी सकाळच्या गाडीने आल्या आणि मला शोधत थेट कंपनीत. अर्जुनरावांनी कौतुकाने शेड उघडून दाखवली. मी धावत पोचलो तर चित्रा दारात हसत उभी होती. मृदुला आत.

“बाबा, इथे मऊ आहे. पाय चिकटतात.”

मीही आत आहे. लिहितोय, कारण ओरडलेलं बाहेर जात नाही. तरट आवाज पितं.

सापडली. कडेवर आहे. गालाला केस चिकटलेत, तिचे की दुसऱ्या कुणाचे —

भिंत एकाच बाजूला ढकलते. बाहेरच्या दाराकडे. तिकडे जायचं नाही. ढकलेल त्याच्या उलट. रांगत.

उजेड. गिरजाबाईंचा हात दिसला. मृदुलाला डोक्यावरून पुढे सरकवलं. त्यांनी ओढली. रडतेय. म्हणजे बाहेर आहे.

माझे पाय निघत नाहीत. चप्पल गेली, मग — दुखत नाही. नुसतं कोमट. त्याचीच शिसारी येते.

चित्रा, वही तुझ्याकडे फेकतो. हात पुढे करू नकोस. उद्या फीत कापू देऊ नकोस. कुणाचंही मूल आत —