होपोआतेने दिलेलं बायबलचं सॉफ्टवेअर

३ जून, सोमवार
मेहुणा होपोआते पेनड्राइव्ह घेऊन आला. बायबल-अभ्यासाचं सॉफ्टवेअर. शब्दकोश, नकाशे, पंडितांची भाष्यं, सगळं फुकट. का? आमच्या टोंगात कुणी एक डुक्कर दिलं तर आपल्याला दोन द्यावी लागतात. हे सॉफ्टवेअरवाले काय मागणार? शिवाय उपदेशकाच्या परीक्षेला आम्ही दोघंही बसलोय. पाळकांनी प्रवचनाला विषय एकच दिलाय: हरवलेला मुलगा, म्हणजे घर सोडून गेलेल्या पोराची आणि त्याची वाट बघणाऱ्या बापाची बायबलमधली गोष्ट. तरी हा मला मदत करतो! कुठंतरी पाणी मुरतंय.

४ जून
लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. निश्चय: नुसती नजर टाकायची. नक्कल नाही.

६ जून
एक भाष्य वाचलं. पंडिताचे विचार हुबेहूब माझेच निघाले. मग पुन्हा डोकं कशाला शिणवायचं? उतरवून काढले. तीन ठिकाणी 'परंतु'चं 'पण' केलं. आता माझंच.

९ जून, रविवार
चोर! होपोआतेने आज माझं प्रवचन केलं. शब्दन्‌शब्द! 'परंतु' तेवढे तसेच ठेवले, अडाणी कुठला. लोकांनी मालिए! मालिए! अशी वाहवा करून चर्च डोक्यावर घेतलं. सॉफ्टवेअरच माझं लिखाण त्याला पोचवतं, दुसरं काय! लेसिएली म्हणाली, अहो, दोघांनी एकाच भांड्यातलं वाढून घेतलंत. शेवटी त्याचीच बहीण. बायकोवरही लक्ष ठेवायला हवं.

१० जून
पाळकांकडे तक्रार केली. ते बराच वेळ खोकले. सर्दी असावी. मग विचारतात, फिनाऊशी बोललात का? आमचा कार्टा भांडून ऑकलंडला गेला त्याला दोन वर्षं झाली. माझ्या प्रवचनाशी त्याचा काय संबंध? विषय बदलतात. तेही सामील.

१५ जून, शनिवार
उद्या माझी पाळी. नवा डाव. खिडक्या लावल्या, इंटरनेट बंद केलं. आता दुसऱ्या पंडिताचं भाष्य. बघू कोण चोरतो.

१६ जून, रविवार
घात झाला. पाळकांनी तेच सॉफ्टवेअर बायकांच्या फोनमध्ये घालून दिलंय म्हणे. मी एक वाक्य म्हणायचो, पहिल्या बाकावरच्या आना आजी फोनवर बोट ठेवून पुढचं म्हणायच्या. एकदा मी चुकलो तर दुरुस्तही केलं, भर चर्चमध्ये! हातातला कागद पडला. तोंडाला येईल ते बोललो: मी रोज संध्याकाळी धक्क्यावर जातो, बोटीतून उतरणारं एकेक तोंड बघतो, आणि घरी सांगतो मासे बघायला गेलो होतो. एकही मालिए नाही. लेसिएली डोळ्यांना रुमाल लावून बसलेली. होपोआतेही रडत होता. नाटकी!

१७ जून
नापास. होपोआतेही नापास, एवढं बरं झालं. पाळक म्हणाले, धक्क्याचं तेवढं मनाला लागलं, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.

पण ते कुठल्या पंडिताचं? मी कधी वाचलं? आज सगळं सॉफ्टवेअर पालथं घातलं. मासे पुष्कळ, होड्याही खूप. धक्क्यावर बसलेला बाप कुठेच सापडला नाही. अपुरंच आहे मेलं.