गाडी यायला तास लागतो

मंगळवार, संध्याकाळ

मी शिकवलेल्या सविताचा फोन ठेवला, तरी तो कोयता डोळ्यांपुढून हलत नाही. पेठ तालुक्यातल्या तिच्या चौकीत दोनच पोलीस, मदतीची गाडी यायला तास लागतो. म्हणूनच प्रशिक्षणातला ‘मदत येईपर्यंत थांबा’ हा शहरी धडा मी बदलला. अंतर ठेवा, बोलत राहा, तो ज्याचं ऐकतो त्याला बोलवा. साहेबांनी विचारलं होतं, "कुणाला लागलं तर जबाबदार कोण?" मी म्हणाले, "मी."

आज एक दारुडा कोयता घेऊन स्वतःच्याच घरावर चालून गेला. बायको आत कडी लावून बसलेली. सविता अंगणाबाहेरूनच त्याच्याशी बोलत राहिली आणि तिने त्याच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. बहीण लांबूनच ओरडली, "टाक तो खाली! माझ्यावर बी उचलशील का?" त्याने कोयता टाकला. सविताने तो पायाने दूर सरकवला, मगच बेड्या घातल्या.

"मॅडम, कोयता जप्त करून आत्ताच चौकीत आले."

"जेवलीस का?"

एवढंच कसं बोलले मी? शाबास म्हणायचं राहूनच गेलं. पण ती आणि त्याची बायको, दोघी सुखरूप आहेत.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "सुरगाण्याच्या चौकीतल्या पोरांना हे कधी शिकवताय?"